मानेवरचा गुंता

लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. मुली अठरा दिवसांच्या असताना हिची उजवी बाजू गेली. ही म्हणजे माझी बायको. लेक आमची एकुलती एक, तिचं घर आमच्यापासून नऊ तासांच्या प्रवासावर, आणि तिच्या दोन्ही मांड्यांवर एकेक मूल. ती फोनवर रडायची आणि मागे त्या दोघी रडायच्या. मी तिला म्हणालो, तू तिथलं बघ, इथलं मी बघतो. बोलून गेलो. इथलं म्हणजे किती, ते तेव्हा माहीत नव्हतं.

पाठ पुसायची, कूस बदलायची, चादर ओढून सरळ करायची, कारण सुरकुती राहिली तर तिथे कातडी लाल होते. पातळ केलेलं अन्न चमच्याने भरवायचं, हनुवटी पुसायची. दोन तासांनी पुन्हा कूस. माझं वय तेव्हा एकाहत्तर, गुडघे आधीच संपावर गेलेले. सकाळी दोन तास एक बाई यायची, हिला अंघोळ घालायला. तिला आणखी चार घरं होती, त्यामुळे ती आमच्या दारात चप्पल काढतानाच घड्याळ बघायची. मी तिचं नाव घाईबाई ठेवलं. अर्थात तोंडावर नाही.

हिची वाचाही गेली होती. ‘बरं’ हा एकच शब्द उरला होता. तहान लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, राग आला तरी बरं. कुठला बरं कशाचा, ते आवाजावरून ओळखायचं. पंचेचाळीस वर्षं जिने मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, तिच्या तोंडून हा शब्द ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं, आणि मग स्वतःची लाज वाटायची.

हळूहळू या सगळ्याची अंगाला सवय झाली. सवय झाली नाही ती केसांची.

हिचे केस कुरळे होते, आणि दाट. दर रविवारी ही न्हाणीघरात जायची, आतून कडी लावायची आणि दीड तासाने डोक्याला कापड गुंडाळून बाहेर यायची. दुपारपर्यंत केस खांद्यावर गोल गोल सुटलेले असायचे. ही टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. लोकांना तिचं नाव माहीत नसायचं, ‘त्या कुरळ्या बाईंच्या रांगेत उभे राहा’ म्हणायचे. न्हाणीघरात आत काय चालतं, ते मी कधी विचारलं नाही. मोटरीच्या आत काय असतं, तेही हिने कधी विचारलं नव्हतं. माझं काम मोटरी भरायचं. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळून बसवायची. एकेचाळीस वर्षं तेच केलं.

घरातली प्रत्येक गोष्ट हिने वहीत लिहून ठेवलेली होती. कुठल्या खिडकीला किती लांबीचा पडदा, कुठला नळ कोणत्या बाजूला पिळला की गळत नाही. मला अक्षरं हिनेच शिकवली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कारण वह्या लिहिते आणि त्या नवऱ्याला वाचता येत नाहीत याचा तिला राग यायचा. मी सगळ्या वह्या काढल्या, एकेक ओळ वाचली. केसांबद्दल कुठे काही नव्हतं.

मग मी मला येत होतं तसं केलं. तार भरताना ती ताणून धरावी लागते, ढिली राहिली तर मोटर पुन्हा जळते. मी हिचे कोरडे केस मुठीत ताणून धरले आणि बारीक दातांचा कंगवा वरून खाली ओढला. हिच्या डोळ्यांतून पाणी आलं. केस सरळ तर झाले नाहीतच, पिंजलेल्या कापसासारखे फुगले. दुसऱ्या दिवशी घाईबाईने ते पाहिलं आणि मला विचारलं, ‘आजोबा, उशीत भरायचेत का?’

त्यानंतर मी दोन आठवडे केसांना हातच लावला नाही. डोकं उशीवर घासत राहिलं, आणि मानेच्या वर तळहाताएवढ्या जागेत गुंता झाला. असा घट्ट की त्यात बोट शिरेना.

जळालेली तार आम्ही सोडवत बसत नाही. छिन्नीने तोडतो आणि उपसून काढतो. एका गुरुवारी ही डुलकी घेत असताना मी कात्री घेतली. गुंत्याच्या कडेची एक बट ओली केली. ओली असताना ती चांगली वीतभर भरली, म्हणून चार बोटं कापली. वाळल्यावर जे उरलं ते आखडून कानाच्या वर जाऊन बसलं आणि तिथे उभं राहिलं. कुरळे केस वाळले की निम्मे होतात, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी हिचा डावा हात तिथे गेला. तिने चाचपून पाहिलं. मग ही भिंतीकडे बघत राहिली. दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. कूस मीच बदलून द्यायचो, त्यामुळे माझ्याकडे पाठ करायलाही तिला माझीच मदत लागत होती.

पुढच्या सोमवारी डॉक्टर आले. गुंत्याखालची कातडी ओलसर राहून लाल झाली होती. फुटली तर लवकर भरून यायची नाही, म्हणाले, एक तर मोकळं करा नाहीतर काढून टाका. घाईबाई समोरच होती. ती म्हणाली, शनिवारी मशीन घेऊन येते, दहा मिनिटांत डोकं साफ होईल, त्यांनाही हलकं वाटेल. हिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, ‘बरं.’

‘बघा, त्यांनाही पटलं,’ घाईबाई म्हणाली.

मला तो बरं कळला होता. माझ्या मनगटावर चार नखं उमटली होती.

ही नऊ वर्षांची असताना तिची आई दोन मुलींच्या दोन कुरळ्या डोक्यांना कंटाळली. एकीचं मी करीन, दोघींचं माझ्याने होणार नाही, म्हणाली, आणि हिला भावाबरोबर न्हाव्याच्या खुर्चीत बसवून आली. दोन वर्षं हिचे केस वाढू दिले नाहीत. शाळेत मुलं तिला ‘नवा मुलगा’ म्हणायची. आणि आईला एकीचंही जमेना, तेव्हा त्या दोन वर्षांत धाकट्या बहिणीचे केस रोज हीच करायची. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, चहा गाळता गाळता. मी काही म्हणायच्या आत कप पुढे केला होता.

हे माहीत असूनही मंगळवारचा सबंध दिवस मी स्वतःला समजावत होतो. केसच तर आहेत, पुन्हा वाढतील. खरं म्हणजे मी दमलो होतो. मशीन फिरलं असतं तर माझं एक काम कमी झालं असतं. संध्याकाळी तिला पाणी पाजताना वाटलं, पुन्हा वाढायला हिच्यापाशी दिवस कुठे आहेत.

बुधवारी मी धाकटीला फोन लावला. हिच्या बहिणीला आम्ही घरात धाकटीच म्हणायचो. दोघींचं एकवीस वर्षं जेवढ्यास तेवढं होतं, आणि कारण सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मुलाच्या लग्नाआधी धाकटीने पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेतले. भर पाहुण्यांत ही तिला म्हणाली, ‘हे कुणाचे लावून आलीस?’ धाकटी म्हणाली, ‘कुणाचे का असेनात, तुझ्या हातचे नाहीत.’ एवढंच. त्यावर एकवीस वर्षं गेली.

मी तिला गुंत्याचं सांगितलं, शनिवारचं सांगितलं. ती म्हणाली, ‘भाऊजी, ती मला दारात तरी उभी करेल का?’

‘तिला स्वतःलाच उभं राहता येत नाही,’ मी म्हणालो, ‘तुला कुठून उभी करणार. तू ये.’

गुरुवारी दुपारी ती आली. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. हिने तिला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. धाकटी पलंगाच्या कडेला बसली. तिने रुमाल सोडला. खालचे केस सरळ आणि काळे होते, आणि मुळाशी चार बोटं पांढरे, कुरळे. आता पार्लरच्या खुर्चीत पाठ धरते, वर्ष झालं बंद करून, असं ती मला सांगत होती. बघत मात्र हिच्याकडे होती. हिने डोळे उघडले. डावा हात उचलून धाकटीच्या डोक्यावर ठेवला, बोटांनी मुळाशी गेली, तिथलं एक वळण धरून ओढलं आणि सोडलं. ते परत आखडलं.

‘बरं,’ ही म्हणाली.

‘हो, बरं,’ धाकटी म्हणाली. ‘आता मान तिकडे कर.’

कोरड्या केसांना कंगवा लावायचाच नाही, हे तिने मला पहिलं सांगितलं. आधी पाणी, मग ओंजळभर कंडिशनर, मग बोटं, आणि कंगवा सगळ्यात शेवटी, तोही मोठ्या दातांचा. सुरुवात टोकाकडून करायची आणि थोडं थोडं वर सरकायचं. बट मुळाशी दुसऱ्या हाताने धरून ठेवायची, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. सुटलेले केस पुन्हा अडकू नयेत म्हणून आम्ही त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. गुरुवारी तीन तास झाले आणि गुंत्याची जेमतेम कडा सुटली. मधे कूस, मधे चमचा, मधे चादर, ते काही चुकत नव्हतं. शुक्रवारी सकाळपासून पुन्हा बसलो. धाकटीला सांधेदुखी, दुपारी तिची बोटं मिटेनात. तिने कंगवा माझ्या हातात दिला.

‘मोटर समजा,’ म्हणाली.

‘मोटर ओरडत नाही.’

‘हीपण ओरडत नाहीये. हिच्याकडे बघून करा.’

मी जास्त ओढलं की हिचा डावा हात माझ्या मनगटावर टकटक करायचा. अक्षरं शिकवताना पेन्सिलीने असंच करायची, रेघ वाकडी गेली की दोनदा. ओढ कमी केली की हात खाली जायचा. ताण न देता काम करायला मी एकाहत्तराव्या वर्षी शिकलो. पाच वाजता शेवटची गाठ सुटली. खालची कातडी लाल होती, पण फुटलेली नव्हती. धाकटीने मला चहा टाकायला सांगितलं.

मग केस धुतले, पलंगाच्या कडेला टब ठेवून. मी टॉवेल घेऊन पुढे झालो तर धाकटीने अडवलं. टॉवेलने केस विस्कटतात, म्हणाली, जुना सुती बनियन आणा. जुने बनियन आमच्या घरात टिकतच नव्हते. कितीतरी वर्षं मी त्यावरून हिच्याशी भांडत आलो होतो, की माझे बनियन तू फरशी पुसायला घेतेस. धाकटी म्हणाली, न्हाणीघरात बघा. वरच्या फळीवर, साबणांच्या मागे, सात बनियन घडी करून ठेवलेले होते.

जवस उकळून त्याचा चिकट रस काढायचा होता. मी तो गार होऊ दिला, आणि मग तो फडक्यातून गळेना. धाकटीने पुन्हा उकळायला लावला आणि गरम असतानाच गाळून घेतला. तो केसांना लावून एकेक बट बोटाभोवती गुंडाळायची आणि अलगद सोडायची. ही एक गोष्ट मला पहिल्या झटक्यात आली. धाकटी म्हणाली, येणारच, जन्मभर तेच तर केलंत. वाळल्यावर केस कडक झाले, वार्निश दिलेल्या तारेसारखे. मी खूश झालो, आमच्या कामात तसंच लागतं. तर ती म्हणाली, आता चुरगळा. एवढं बसवलेलं काम चुरगळायला माझा हात धजेना. तिनेच दोन्ही मुठींत घेऊन ते हलके दाबले, कडकपणा मोडला आणि केस मऊ, गोल सुटले. फक्त कानावरची ती बट तशीच उभी होती.

शनिवारी घाईबाई मशीन घेऊन आली. पलंगापाशी थांबली. हिच्याकडे बघत राहिली, आणि मशीनची वायर पुन्हा गुंडाळून पिशवीत टाकली. म्हणाली, हे मला शिकवा, माझ्या दुसऱ्या घरी पण एक असं डोकं आहे.

धाकटी सोमवारी गेली. जाण्याआधी माझ्या जुन्या कोटाचं गुळगुळीत अस्तर उसवून तिने उशीला अभ्रा शिवला, केस घासू नयेत म्हणून. त्यानंतर दर रविवारी मी हिचे केस धुतले. पाणी उचलण्यापासून चुरगळण्यापर्यंत साडेतीन तास लागायचे. लिहायला छान वाटतं, करताना छान वाटायचंच असं नाही. काही रविवारी मला त्या केसांचा राग यायचा, अर्ध्यात खुर्चीवर बसून राहायचो. हिला कळायचं. ती डाव्या हाताने पुढचा चिमटा उचलून धरायची आणि मी उठेपर्यंत तसाच धरून ठेवायची. कधीकधी हात खाली यायला लागायचा. मग मी उठायचो.

दुसरा झटका आला तेव्हा कानावरची बट बाकीच्यांच्या बरोबरीला यायला थोडी राहिली होती. त्या दिवशी घाईबाई तिच्या वेळेला आली, आणि शेवटची अंघोळ तिनेच घातली. सवयीने फळीवरचा कंगवा उचलला, परत ठेवला आणि मला म्हणाली, आजोबा, थोडं पाणी द्या, आणि एक बनियन. त्या दिवशी तिने घड्याळ पाहिलं नाही. केस आदल्या रविवारी धुतलेले होते, वळणं जागेवर होती.

माझी बायको मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता वारली. जुळ्या नातींचा पहिला वाढदिवस अकरा दिवसांवर होता.