चमच्यांचा खण

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांना ऐकू जाणार नाही. आजची गोष्ट आवाजाची आहे, आणि ती हळू आवाजातच सांगायची आहे.

फिटर मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, जमिनीवर उताणा पडला होता. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं ओट्याखालच्या चमच्यांच्या खणाला. त्याच्या सांगण्यावरून बायको दारापासून पलंगापर्यंत येरझारा घालत होती. आत चूल, पलंग, न्हाणी, सगळं असलं तरी ते घर शेवटी स्प्रिंगांवर उभं. माणूस चाललं की डुलायचं, आणि डुललं की बोलायचं.

टिण्, चमचे म्हणाले.

"सापडला का हो?" बायकोने विचारलं.

"सापडला. पण हा तर मी कालच बंद केला होता."

खणाच्या फटीत त्याने काल स्वतःच्या हाताने फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड पट्टी कोंबली होती. आज फट रिकामी. पट्टी कुठे, तर हत्यारांच्या पेटीत, इतर पट्ट्यांवर कडेला कड लावून ठेवलेली. जणू ती तिथून कधी हललीच नव्हती.

"लावायची राहिली असेल," बायको सहज म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

राहिली असेल. फिटर तसाच पडून राहिला.

चौतीस वर्षं त्याने बसच्या डेपोत काढली होती. तिथे त्याला सगळे कानवाले म्हणत. बस फाटकातून आत वळली की हा डोळे मिटून सांगायचा, मागच्या डाव्या चाकावरचा बोल्ट ढिला आहे, आणि तो असायचाच. देवाने प्रत्येकाला काहीतरी देऊन पाठवलेलं असतं. याला कान दिले होते. त्याने बंद केलेला आवाज पुन्हा आला, असं डेपोत कधी कुणी म्हटलं नव्हतं.

आणि आता स्वतःच्या गाडीत चार दिवस हेच चाललं होतं. शेगडीच्या जाळीखाली रबर बसवावं, तर दुसऱ्या दिवशी जाळी आपली खडखडतेच आहे. न्हाणीच्या कडीला चिंधी गुंडाळावी, तर सकाळी कडी मोकळी. दाराच्या कुरकुरत्या पायरीखाली लाकडी पाचर ठोकलेली त्याला लख्ख आठवत होती. पाचरही पेटीतच निघाली. शेजारचा शिंपी म्हणाला, गाडीवर मालकापेक्षा भुताचा जीव जास्त दिसतोय. फिटरला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही.

कारण त्याच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. एकच किल्ली दिवसातून दहादा शोधायचा, आणि हातात दिली की विचारायचा, ही कुणाची? शेवटी शेवटी बायकोलाही तेच विचारू लागला होता.

सोमवारी निघायचं होतं. लेक समुद्राकाठी राहायची, तीन दिवसांची वाट. नात दोन महिन्यांची झाली होती आणि आजीने अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. पण ज्याला कालचं आठवत नाही त्याने स्टिअरिंग धरावं का? हे त्याने बायकोला सांगितलं नाही. मनाशी एवढंच ठरवलं, की अजून एक दिवस बघू, नाहीतर येत नाही म्हणून लेकीला फोन करून टाकू.

गुरुवारी संध्याकाळी त्याने पेटीतून निळ्या रंगाची डबी काढली. दोन भाग एकमेकांना नेमके कुठे टेकतात ते पाहायला फिटर लोक हा रंग लावतात. तो वाळत नाही, आणि शिवेल त्याला लागतो. सगळ्या पट्ट्या, रबरं आणि चिंध्या पुन्हा जागच्या जागी बसवून त्याने त्यांना रंग फासला, मग रॉकेलने हात स्वच्छ केले. आपणच काढत असू, तर सकाळी आपले हात बोलतील.

सकाळी त्याने आधी हात पाहिले. स्वच्छ. नखांतसुद्धा काही नाही. देवाचं नाव घेत तो उठून बसला. तेवढ्यात पलीकडे चमचे किणकिणले, आणि बायको चहा घेऊन आली.

तिची दहाही बोटं निळी होती. कपाचा कान निळा, साखरेच्या डब्याचं झाकण निळं. केस मागे सारताना कपाळावर उठलेला आडवा पट्टाही निळाच.

आधी त्याला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. मग राग आला. चार दिवस मला वेडं केलंस, हे वाक्य अगदी ओठांवर होतं. पण ती समोर निवांत बसली होती. चादरीवर चहाचा थेंब पडला तर धावणारी बाई, निळं कपाळ घेऊन चहावर फुंकर घालत होती.

"तुझ्या हाताला काय लागलंय?" त्याने विचारलं.

तिने हात डोळ्यांशी नेला. मग थोडा बाजूला धरला. बोटं एकमेकांवर चोळली.

"काही नाही. पीठ असेल."

फिटरने उठून रॉकेलचा बोळा आणला आणि तिचा हात मांडीवर घेतला. वासासरशी तिला कळलं, ते पीठ नव्हे.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"गेल्या हिवाळ्यापासून. मधलंच दिसत नाही. कडेकडेचं दिसतं." एकेक बोट तो पुसत होता. "पायरी कुरकुरली की कळतं, दार आलं. चमचे वाजले की ओटा. तुम्ही सगळं मुकं करून टाकलंत. त्या दिवशी पडतापडता वाचले."

"सांगायचं तरी."

"मग तुम्ही निघाला असतात? नातीचं तोंड बघायचंय मला. कडेकडेने का होईना."

त्याने दुसरा हात घेतला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "थोरल्यासारखं माझंही सुरू झालं."

ओला हात तिने त्याच्या तोंडावरून फिरवला. थोडा निळा रंग त्यालाही लागला. कपाळावरचा पट्टा मात्र धड निघाला नाही. दोनतीन दिवस राहिला.

सोमवारी ते निघाले. निघण्याआधी फिटरने गाडी पुन्हा एकदा तपासली: पायरी कुरकुरते ना, कडी टकटकते ना, चमचे वाजतात ना. टेबलाचा कोपरा तेवढा गप्प होता. त्याने पेटीतून दोन नट काढले, दोरीत ओवले आणि तिथे टांगले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने गाडीत आवाज बसवला, आणि बायको पलंगापासून टेबलापर्यंत चालत आली तेव्हा डोळे मिटून ऐकला.

तर मंडळी, एवढं करा. तुम्ही नीट लावलेलं घरातलं कुणी रोज मोडत असेल, तर बोलण्याआधी त्या निळ्या कपाळाच्या आजीची आठवण काढा.