कोटाची अट

युलाली थिबोडोनं जावयाला एकच अट घातली होती, आणि ती कोटाची होती.

"पहिली कडक थंडी पडली की त्या रविवारी मी येणार," ती म्हणाली होती. "कोट काढणार आणि बाळाच्या पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसणार. निघेपर्यंत कोट अंगावर घ्यावासा वाटला नाही, तर एक शब्द बोलणार नाही. घ्यावा लागला, तर पोरगी आणि नातू माझ्याकडे. बर्फ वितळेपर्यंत. तू येत जा भेटायला."

नॉर्मन्ड "चालेल" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? मागच्या हिवाळ्यात त्याच्या बायकोला, आनिकला, दिवस गेलेले होते आणि ती घरात लोकरी टोपी घालून झोपायची. गळक्या नळाखाली ठेवलेल्या भांड्यात सकाळी बर्फाची चकती मिळायची. युलालीनं ती चकती हातात धरून बघितली होती. तिचं गावात छोटंसं घर होतं, दोन खोल्यांचं, बटन दाबलं की गरम होणारं. तिथं माय-लेकरू मावलं असतं. नॉर्मन्ड नाही. शिवाय इथली लाकडाची शेगडी विझू न देता पेटती ठेवायला घरात कुणीतरी लागणारच होतं. म्हणजे बाळ तेओ तिकडं बसायला शिकणार, रांगायला लागणार, आणि बाप ते फोनवर बघणार.

त्यामुळे या वर्षी नॉर्मन्ड पेटला होता.

सेंट जॉन नदीच्या त्या खोऱ्यात बटाटे काढून झाले की थंडी शिरू नये म्हणून सगळेच घरं बाहेरून गुंडाळायला घेतात. नॉर्मन्ड बटाट्याच्या गोदामात कामाला होता. पाळी संपली की तो तडक घरी यायचा, जेवायच्या आधी हातात हातोडी. घराच्या पायाभोवती त्यानं आधी प्लॅस्टिक लावलं, त्यावर गवताचे भारे रचले, आणि भाऱ्यांवर फर नावाच्या झाडाच्या हिरव्या फांद्या, म्हणजे बर्फ तिथंच अडकून राहील आणि वारा खालून शिरणार नाही. एवढं सगळेच करतात. नॉर्मन्ड तिथं थांबला नाही. त्यानं खिडक्यांच्या चौकटी पेस्टनं भरल्या. आतून प्रत्येक खिडकीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणलं आणि आनिकच्या हेअर ड्रायरनं ते असं घट्ट केलं की बोटानं टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजावं. दाराला नवं रबर. माळ्याच्या झाकणाला रबर. विजेच्या बटनांच्या मागंसुद्धा फोम.

आणि मेणबत्ती. ही त्याची स्वतःची युक्ती. पेटती मेणबत्ती घेऊन तो भिंतीच्या कडेकडेनं फिरायचा. ज्योत हलली की थांबायचा, शिवी घालायचा, फट बुजवायचा.

शेजारचा ओनेझिमकाका रोज कुंपणाशी येऊन बघायचा. म्हातारा, पण जीभ तरुण.

"काय रे, घर बांधतोयस की पाणबुडी?"

"हसा काका. जानेवारीत तुम्हीच याल शेकायला."

"येईन की. पण आत यायला कुठं भोक ठेवलंयस का ते सांगून ठेव."

नॉर्मन्ड हसला आणि पुढच्या खिडकीकडं वळला.

नोव्हेंबर संपता संपता नदीवरून वारा फिरला. शनिवारी खिडकीबाहेरचा पारा शून्याच्या पार खाली गेला. त्या संध्याकाळी नॉर्मन्डनं मेणबत्ती घेऊन सगळं घर पालथं घातलं. ज्योत कुठंच हलेना. रंगवल्यासारखी सरळ उभी.

"आनिक, बघ इकडं. बघ की!"

"बघितली. मेणबत्ती आहे."

"हलत नाहीये."

"मग विझव आता. केकवरच्यासारखी काय नाचवतोयस!" पण ती हसत होती, आणि तिच्या डोक्यावर टोपी नव्हती.

रविवारी युलाली आली. बाळ झाल्यापासून तिला सगळे मेमेरच म्हणायचे, म्हणजे आजी, नॉर्मन्डसुद्धा. एका हातात कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं, दुसऱ्या हातात मोठी रिकामी बॅग. बॅग तिनं दारातच ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

"ती कशाला, ममाँ?" आनिकनं विचारलं.

"बाळाचे कपडे कशात भरायचे मग? माझ्या खिशात?"

तिनं कोट काढला. खुंटीला अडकवला. पाळण्याशेजारी खुर्ची ओढून बसली, हात मांडीवर. नॉर्मन्ड शेगडीत लाकूड सरकवल्यासारखं करत होता आणि खाली मान घालून तिच्याकडंच बघत होता. मेमेरनं भिंतीला हात लावून बघितला. वाकून जमिनीला लावला. बाळाचा पाय हातात घेतला.

"गरम आहे," ती म्हणाली.

"काय?" नॉर्मन्डला ऐकू आलं होतं.

"पाय गरम आहे म्हटलं. आता छाती फुगवू नकोस, अजून जेवण व्हायचंय. तवा कुठाय? प्लॉय मी करते. तुझी बायको उलटते त्यांना."

"एकदा उलटली होती मी, ममाँ! सातवीत असताना!"

प्लॉय म्हणजे कुट्टूच्या पिठाची पिवळी धिरडी. एकाच बाजूनं भाजायची, वरून जाळी पडली पाहिजे, आणि उलटणाऱ्याला त्या खोऱ्यात माफी नाही. तवा लागतो कोरडा आणि कडक तापलेला, त्यामुळे धूर ठरलेला. मेमेरनं तवा चढवला, पहिली पळी ओतली आणि वरचा एक्झॉस्ट फॅन लावला. पुऱ्या जोरात.

तो फॅन नॉर्मन्डनंच उन्हाळ्यात बसवला होता. एकदाही कटकट नव्हती त्याची.

दुसरं धिरडं तव्यावर असताना आनिक म्हणाली, "ममाँ, करपतंय."

"माझं? माझं करपत नाही."

"मग हा वास कसला?"

नॉर्मन्डनं मागं वळून बघितलं. धूर तव्याचा नव्हता. शेगडीच्या दाराच्या फटीतून येत होता, करडा, जड, धुराड्यातून वर जायचं सोडून उलटा खोलीत. त्यानं धुराड्याची झडप पूर्ण उघडली. धूर वाढला. त्यानं शेगडीचं दार जरासं उघडलं आणि तोंडावर असा लोट आला की तो मागंच बसला. तेवढ्यात छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. त्याच्यापाठोपाठ तेओ.

"बाहेर!" मेमेर ओरडली. "पोराला घे! बाहेर!"

आनिकनं बाळाला गोधडीसकट उचललं. नॉर्मन्डनं दार सताड उघडलं. मेमेरनं जाता जाता गॅस बंद केला आणि खुंटीवरचा कोट ओढला. बाहेर ओसरीवर सगळे खोकत उभे राहिले. वारा कापत होता. मेमेरनं कोट घातला, वरपर्यंत बटनं लावली.  सगळ्यांनी ते बघितलं.

दार उघडं होतं आणि आतला धूर बघता बघता परत शेगडीत ओढला जात होता, जसं काही झालंच नाही. नॉर्मन्ड त्याच्याकडं बघत राहिला. ओल्या रुमालानं नाक दाबून तो आत गेला. फॅन अजून फिरत होता. त्यानं दार पाचएक बोटं सोडून लोटलं, मेणबत्ती पेटवली आणि फटीशी धरली. ज्योत आत झोपली, आडवी. इतकी जोरात की विझली.

त्यानं फॅन बंद केला आणि दारातच बसून राहिला.

"धुराडं तुंबलंय का?" मेमेरनं बाहेरून विचारलं. "पक्षी बसला असेल. नाहीतर वीट पडली असेल. जुनं घर आहे, होतं असं."

ती त्याला वाट काढून देत होती. तो एवढंच म्हणाला असता की हो, वीट असेल, तर दोष घरावर गेला असता.

"धुराडं ठीक आहे," नॉर्मन्ड म्हणाला. "माझं चुकलं. मी सगळ्या फटी बुजवल्या. फॅन हवा बाहेर फेकतोय आणि आत यायला हवेला वाटच नाही. मग ती धुराड्यातून येते, धूर घेऊन. तुम्ही फॅन लावला नसता तर आज कळलंच नसतं. आणि उद्या परवा आनिकनं लावला असता. मी कामावर असताना."

 आनिकनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"घेऊन जा त्यांना, मेमेर," तो म्हणाला. "तुम्ही कोट घातलाय."

आनिक त्याच्याकडं बघत होती. "मला विचारणार आहात का कोणी?" ती म्हणाली. "आज मी ममाँकडं जाते. तेओला घेऊन इथं झोपणार नाही मी. पण बर्फ वितळेपर्यंत वगैरे काही नाही. तू हे दुरुस्त कर. पुढच्या रविवारी परत बसव हिला खुर्चीत."

"माझी अट..." मेमेर म्हणाली.

"तुझी अट होती, माझं घर आहे, ममाँ."

बॅग भरली गेली. गाडी गेली. फरच्या फांद्यांवर बर्फ भुरभुरायला लागला होता. ओनेझिमकाका कुंपणाशी उभा होता, त्यानं अलार्म ऐकला होता.

"हसा," नॉर्मन्ड म्हणाला.

"नाही हसत बाबा," काका म्हणाला. "करवत आहे का तुझ्याकडं, की मी आणू?"

शेगडीच्या मागं, भिंतीत अगदी खाली, दोघांनी मिळून गोल भोक पाडलं. बाहेरून जाळी, आत पत्र्याचा पाईप, थेट शेगडीच्या बुडाशी. स्वयंपाकघरातल्या एका खिडकीवरचं प्लॅस्टिक नॉर्मन्डनं काढून टाकलं, आणि ती खिडकी उघडल्याशिवाय फॅन चालूच होणार नाही अशी वायर जोडून घेतली. गवतातून आणि फांद्यांतून भोकापुरता चौकोन मोकळा केला. एवढं राबून लावलेलं स्वतःच कापताना त्याचा जीव खालीवर होत होता, हे तो कोणाला सांगणार नव्हता. आठवडाभर तो एकटा झोपला, शेगडी पेटती ठेवून, अलार्म उशाशी.

पुढच्या रविवारी थंडी आणखी वाढली होती. मेमेर माय-लेकराला घेऊन आली आणि आल्या आल्या तिनं कोट काढला. बाळाला पाळण्यात ठेवायच्या आधीच खिडकी उघडून फॅन पुऱ्या जोरात लावला, तवा चढवला आणि एकामागून एक प्लॉय घातली, खाणारं कोणी असो वा नसो. नॉर्मन्ड मेणबत्ती घेऊन शेगडीच्या दाराशी उकिडवा बसला. ज्योत शेगडीकडं झुकली आणि तिथंच राहिली. धूर नाही. अलार्म गप्प.

मग तिनं फॅन बंद केला, खिडकी लावली आणि खुर्चीत येऊन बसली. बराच वेळ बसली. आता घर मागच्या रविवारइतकं उबदार नव्हतं. पाईपापाशी जमिनीवरून गार हवेची एक रेघ यायची. मेमेरनं पाय जवळ घेतले. पदर सावरावा तशी ब्लाऊजची कॉलर ओढली. नॉर्मन्डची नजर खुंटीकडं गेली.

"आनिक," मेमेर म्हणाली, "तुझे ते जाड मोजे आण गं."

आनिकनं मोजे आणले. मेमेरनं सावकाश दोन्ही पायांत चढवले.

"अट कोटाची होती," ती नॉर्मन्डला म्हणाली. "तोंड मीट आता. आणि प्लॉय खा, गार होतायत."

ती निघाली तेव्हा बाळाचे कपडे काढून रिकामी झालेली तिची बॅग दाराशीच होती. नॉर्मन्डनं ती तळघरात नेली, बटाट्यांनी भरली आणि गाडीत ठेवली. मेमेरनं उचलून बघितली.

"एवढे कोण खाणार? मी एकटी तर असते."

"मग जेवायला इथंच येत जा की," तो म्हणाला.