गुडघ्यावरचा कोंबडा

मित्रांनो, मी एक जुनी जीन्स आहे. पण मला दुकानातली समजू नका हं! माझा जन्म घरातल्या जेवणाच्या टेबलावर झाला, आणि जन्माआधीच माझ्या नशिबात फरशी पुसायचं फडकं होणं लिहिलं गेलं. लिहिणारी होती आई.

"दुकानात हव्या तेवढ्या मिळतात, आणि तुला शिवायचीय!" ती ताईला म्हणाली. "बघ, शेवटी फडकंच होणार."

ताई हट्टाला पेटली. मैत्रिणींच्या सहलीला स्वतः शिवलेली जीन्स घालूनच येणार, असं तिने जिला तिला सांगून ठेवलं होतं. माझं कापड एवढं जाड, की मशीनची पहिली सुई कट्कन तुटली. मला मनातून बरंच वाटलं. मग ताईने जाड सुई लावली आणि माझा ताठा उतरला. खिसे बसले, चेन बसली, दोन्ही पाय शिवून झाले. सहलीच्या आदल्या दिवशी तिने डाव्या गुडघ्यावर मशीनने कोंबडा भरला. लाल तुरा, हिरवी शेपटी, आणि ऐट तर अशी की घर जणू त्याच्याच नावावर आहे!

ताईने मोठ्या हौसेने मला घातलं. उजवा पाय सरळ खाली गेला. डावा गुडघ्यापर्यंत आला आणि अडला. ताई कपाट धरून एका पायावर उड्या मारू लागली.

"काय झालं गं?" बाबा धावत आले.

"पाय जात नाहीये!"

बाबांनी खालून आत हात घालून पाहिलं. "कसा जाईल? कोंबड्याने दार लावून घेतलंय."

पाय आधी शिवला आणि भरतकाम नंतर केलं, त्यामुळे पुढचं न् मागचं कापड एकत्र शिवलं गेलं होतं. ताईचं तोंड एवढंसं झालं. टाके उसवावेत तर कोंबडा जाणार, न उसवावेत तर मीच कामातून जाणार.

तेवढ्यात आई कात्री घेऊन आली. आता आपली शंभरी भरली, असं मला वाटलं. पण आईने फक्त मागचं कापड कोंबड्याभोवती गोल कापलं आणि तिथे चौकडीचं ठिगळ लावलं.

"अगं, हा माझा शर्ट आहे!" बाबा ओरडले.

"होता," आई म्हणाली.

सहलीत मैत्रिणी त्या ठिगळावर खूश. "कसं सुचलं गं तुला?"

"सुचतं आपलं," ताई म्हणाली. खरं काय ते मी खिशातच ठेवलं. घरची अब्रू झाकणं हेच तर कपड्यांचं काम.

पुढे ताई नोकरीला लागली, अंगाने भरली, आणि मी कपाटाच्या तळाशी गेले. कुणी विचारेना. फार वाईट वाटायचं. एकदा साफसफाईत मी आईच्या हाती लागले. तिने मला उलटसुलट करून पाहिलं. मी बादलीची वाट बघू लागले.

आईने खोलीची कडी लावली आणि चक्क मला घातलं! आरशात पुढून पाहिलं, मागून पाहिलं, गुडघा हलवून कोंबड्याला नाचवलं.

आता ती मला घालून रोज सकाळी फिरायला जाते. पहिल्या दिवशी बाबा बघतच राहिले. "हे काय?"

"फडकं," आई म्हणाली. "वाया कशाला घालवायचं?"

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुन्या कपड्याला कात्री लावण्याआधी एकदा तो अंगाला लावून बघा. पाय अडला, तर आत हात घालून बघा. फडकं काय, आम्हाला केव्हाही होता येतं.