मग दाखला घेऊन जा

सत्र पहिले : नेतृत्व म्हणजे काय?

कडूबा फरकाडे यांनी चार्टपेपरवर मोठ्या अक्षरात 'नेतृत्व म्हणजे' एवढं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. पुढचं सुचेना.

हॉलमध्ये जिल्ह्यातले हेडमास्तर भरले होते. सोमवारपासून प्रशिक्षण चालू होतं, आज गुरुवार. कडूबा सिल्लोडकडच्या एका वस्तीवरल्या, सातवीपर्यंतच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांच्या पिशवीत डबा होता, चष्म्याचं घर होतं आणि बानूचा दाखला होता. शिक्का मारलेला. सही तेवढी राहिलेली.

बानू सातवीतली. तिचा बाप मुंजाबा मेंढरंवाला. दिवाळी झाली की त्याची मेंढरं पैठणच्या अंगाला उतरतात आणि बानूची जागा उन्हाळ्यापर्यंत मोकळी पडते. यंदा मुंजाबा सांगायला आला तेव्हा कडूबांनी ऑफिसातूनच, मान वर न करता, म्हणून टाकलं, "मग दाखला घेऊन जा."

हे वाक्य शाळेत छडीच्या जागी आलेलं आहे. पालक घाबरतो, पोर ठेवतो, हजेरी टिकते. दाखला कोणी नेत नाही.

मुंजाबा म्हणाला, "व्हय. कधी येऊ?"

कडूबांना ते फार लागलं. इतक्या वर्षांत असा पालक बघितला नव्हता. पोरीचं काही पडलेलंच नाही याला! रागाच्या भरात त्यांनी त्याच्याकडून अर्जही घेतला. म्हणाले, "गुरुवारी छावणीच्या बाजाराला येतोस ना बोकडं घेऊन? मी तिथंच असतो ट्रेनिंगला. ये. सही करून देतो."

दाखला घेऊन मेंढरांमागं गेलेली पोर पुन्हा कुठल्याच शाळेत बसत नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून तर सही राहिली होती.

सत्र दुसरे : अवघड संवाद

प्रशिक्षण देणाऱ्या आशा मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. एकानं हेडमास्तर व्हायचं, एकानं पालक. हेडमास्तरची चिठ्ठी काकासाहेबांना निघाली. काकासाहेब ढोरकीनचे, हॉलमधले सगळ्यात जास्त बोलणारे. पालकाची चिठ्ठी कडूबांना.

"प्रसंग तुमच्या अनुभवातला घ्या," मॅडम म्हणाल्या.

कडूबांनी मुद्दाम मुंजाबाच घेतला. काकासाहेबांना कळू दे, असल्या माणसापुढं आपली काय हालत होते ते. तिथून पुढं असं झालं :

(काकासाहेब खुर्चीत. कडूबा उठून बाहेर जातात, चपला काढतात, दारात उभे राहतात.)

हेडमास्तर : काय रे, काय काम काढलं?

पालक : सर, ते पोरीचं…

हेडमास्तर : चालला वाटतं घेऊन?

पालक : व्हय.

हेडमास्तर : दरसाल तेच तुमचं. वरून साहेब विचारतात, पोरं कुठंयत. काय सांगू? चरायला गेलीत?

(हशा.)

मॅडम : सर, आत या ना. खुर्ची आहे.

पालक : मला कोणी बस म्हणलं नाय, मॅडम.

(मोठा हशा. काकासाहेब कॉलर ताठ करतात.)

हेडमास्तर : हे बघ, लई झालं. मग दाखला घेऊन जा.

(टाळ्या. हॉलमधल्या प्रत्येकाच्या तोंडचं वाक्य आहे.)

इथं पालकानं भडकायचं होतं. कडूबांनी जुळवाजुळव करून ठेवली होती : माझा नाइलाज आहे, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला काय कळणार वगैरे. पण ते दारात उभे होते, पायाखाली फरशी होती, आणि समोर खुर्चीतल्या माणसाचं लक्ष घड्याळाकडं होतं.

पालक : व्हय. कधी येऊ?

हेडमास्तर : अहो फरकाडे सर! नाही म्हणा ना! तुम्ही भांडा, मग मी समजूत काढतो. नाहीतर माझं नेतृत्व दिसायचं कसं?

पालक : तुम्ही घेऊन जा म्हणलात.

हेडमास्तर : ते म्हणायचं असतं! खरंच कोणी नेतं का?

पालक : हेडमास्तर म्हणल्यावर मी नाय कसं म्हणू?

(कोणी हसलं नाही.)

मॅडम : सर, पालकाला आत्ता काय वाटतंय, सांगाल?

कडूबा : पाय गार पडलेत, मॅडम.

निष्कर्ष :

(फळ्यावर ही जागा मोकळीच राहिली. जेवणाची वेळ झाली होती.)

जेवण

ताट हातात घेतलं तोच वॉचमन आला. "सर, आपका कोई आदमी आया है. कब से खडा है. बैठो बोला, बैठताच नहीं."

फाटकाशी मुंजाबा उभा होता. विकलेल्या बोकडांच्या दोऱ्या खांद्यावर, चपला फाटकाबाहेर काढून ठेवलेल्या. इथली फरशी उन्हानं तापली होती आणि तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता.

"बसा, मुंजाबा," कडूबा म्हणाले.

मुंजाबानं मागं वळून पाहिलं, की बसा कोणाला म्हणतात.

"तुम्हालाच."

"नगं सर. माझी काय चूक झाली का?"

"चपला घाल आधी. पाय भाजतील." कडूबा पुन्हा अरेतुरेवर आले आणि दोघांनाही बरं वाटलं. "मला एक सांग. दाखला कशाला पाहिजे तुला?"

"मला? मला कशाला पायजे? तुम्हीच म्हणले घेऊन जा."

"अरे, मी रागानं म्हणलो. मला वाटलं, दाखल्याच्या धाकानं पोरीला ठेवशील."

"मंग तसं म्हणायचं ना, सर. मी तिच्या मायला सांगितलं, सरायनी शाळेतून नाव काढलं आपल्या बानूचं. दोघी मायलेकी जेवल्या नाय."

वॉचमन लांब जाऊन उभा राहिला.

"दाखला देत नाय मी," कडूबा म्हणाले.

"व्हय."

"तिला म्हातारीपाशी ठेव वस्तीवर. शाळा चालू ऱ्हाईल."

"व्हय, सर."

कडूबांना धडकी भरली. हा व्हय आणि मागचा व्हय, फरक काय? त्या दिवशी दाखला घेऊन जा म्हणलं तर व्हय, आज नको नेऊ म्हणलं तरी व्हय.

"मुंजाबा, मी हेडमास्तर नाय असं धर. तुझ्या मेंढरांचं गिऱ्हाईक आहे. आणि पडत्या भावात मागतोय. ठेवतोस का पोरीला म्हातारीपाशी?"

मुंजाबानं खांद्यावरच्या दोऱ्या खाली घेतल्या. पहिल्यांदाच त्यानं कडूबांच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"नाय," तो म्हणाला. "नाय जमायचं. म्हातारीला दिसत नाय आता. पोर तिचं करंल का शाळा करंल? अन् तिची माय रात्री तळावर रडत बसंल, ते कोण बघंल? तुम्ही?"

"हां!" कडूबा एकदम म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की वॉचमननं वळून पाहिलं. "आता चल आत."

सत्र तिसरे : शाळेचा विकास आराखडा

(या सत्रात आराखडा झाला नाही.)

"हेच का ते?" काकासाहेबांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "म्हणजे सकाळी मी ह्यांना हाकललं?"

"मी हाकललं. तुम्ही नुसतं बोललात."

कडूबांनी मुंजाबाला खुर्ची दिली. दारात चपला काढून आलेला तो टोकावर बसला, दोऱ्या खुर्चीच्या पाठीला अडकवल्या. स्थलांतराला जाणाऱ्या पोरासाठी एक हमी कार्ड असतं, जाईल त्या गावच्या शाळेनं त्याला वर्गात बसवून घ्यायचं असतं. हॉलमधल्या सगळ्यांना हे माहीत होतं. कडूबांच्या कपाटात त्या कार्डांचा गठ्ठा न सोडलेलाच पडून होता. कारण कोणती शाळा, हेच कधी कोणी विचारलं नव्हतं. मेंढरं एका गावात राहतात थोडीच.

"तळ कुठं कुठं पडतो तुमचा?" काकासाहेबांनी विचारलं.

मुंजाबा सांगत गेला. मॅडमनी मार्कर उघडला आणि हाताशी आलेल्या पहिल्याच चार्टपेपरवर लिहीत गेल्या. तो कडूबांचा होता.

नेतृत्व म्हणजे

फुलंब्रीच्या अलीकडं, कापसाच्या रानात (मागच्या बाकावर हात वर झाला : "माझी शाळा.")

बिडकीन ("आमचं. पण पटावर घेतलं तर जेवणाचा हिशेब?" "अहो सर, एका पोरीनं काय खिचडी सरते!")

ढोरकीन (काकासाहेब उभेच राहिले : "आमच्या शिवारात बसता आणि आम्हाला पत्ता नाय? कोणाच्या रानात?" "कारभारी पाटलाच्या." "अरे, तो तर माझा मावसभाऊ!")

तिथून धरणाच्या कडंनं वरती

(कोणाचाच हात वर झाला नाही. मॅडमनी तिथं प्रश्नचिन्ह काढलं आणि मार्करला टोपण लावलं.)

कडूबांनी पिशवीतून दाखला काढला, अर्जासकट फाडला आणि तुकडे डब्यात कोंबले, कारण कचऱ्याची टोपली दूर होती. मग मुंजाबापुढं वाकून म्हणाले, "ह्या गावांत मी फोन करीन. कार्ड उद्या भरतो. बानू शाळेत बसंल, मेंढरंही चरतील. मग? पाठवशील ना?"

सगळा हॉल त्याच्या तोंडाकडं बघू लागला. व्हय आता येणार, आला की टाळ्या वाजवायच्या.

मुंजाबानं चार्टवरच्या त्या प्रश्नचिन्हाकडं पाहिलं.

"बानूला इचारतो," तो म्हणाला. "दर तळाला नव्या पोरांत जाऊन बसायचं तिला हाय, मला नाय. ती काय म्हणती ते सांगतो."

"कधी?"

"तळ हलायच्या आधी. येतो शाळेत."

टाळ्या तशाच राहिल्या. काकासाहेब पुटपुटले, "हा घ्या अवघड संवाद." कडूबांना त्याला फाटकापर्यंत सोडायला जायचं होतं, पण मुंजाबा तोवर निघालाही होता.

मॅडमनी पुढच्या सत्राचं नाव वाचायला घेतलं. दार उघडलं. मुंजाबा परत आला होता. चपला पायात होत्या, त्यांचा फटफट आवाज हॉलभर झाला. कोणाला न विचारता तो खुर्चीपर्यंत आला, पाठीला अडकवलेल्या दोऱ्या काढून खांद्यावर टाकल्या आणि गेला.