दीड क्रमांक

दोघींनाही पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि म्हणूनच दोघीही तिसऱ्या श्रेणीत गेल्या.

प्यो ज्यूनसॉकने पुन्हा आकडेमोड केली. तो शिकवत असलेल्या भौतिकशास्त्राच्या वर्गात मुलं तेरा. पहिली श्रेणी वरच्या चार टक्क्यांची. तेराचे चार टक्के म्हणजे अर्ध्या माणसाहून जेमतेम अधिक, ते वर ढकलून एक खुर्ची. त्या खुर्चीशी दोघी एकदम पोहोचल्या, तर नियम दोघींना पहिल्या-दुसऱ्याच्या मधला, दीडावा क्रमांक देतो. आणि तेरातला दीडावा क्रमांक म्हणजे साडेअकरा टक्के; तो दुसऱ्या श्रेणीची अकरा टक्क्यांची सीमा ओलांडून खाली कोसळतो. जिथे कुणी कधी उभं राहू शकत नाही, अशा जागी दोन जित्या मुली उभ्या केल्या होत्या.

"बरोबरी ही मुलांची नव्हे, पेपर काढणाऱ्याची चूक असते," उपमुख्याध्यापक गुक म्हणाले. "एक प्रश्न असा टाकायचा की सगळे आडवे! सांगत होतो मी."

"न शिकवलेलं विचारू?"

"मग शोधा आता काहीतरी. दोघींतल्या या दान्बीने वेगाची दिशा शब्दांत लिहिलेली नाही, नुसता बाण काढलाय. अर्धा गुण उडवा."

"बाण म्हणजेच दिशा, सर."

"या गावातून सोलच्या विद्यापीठात शेवटचं पोर कधी गेलं, आठवतंय? नाही ना? मग बाण कुरवाळत बसा."

ज्यूनसॉकने गुण कापले नाहीत.

गुणांवर हरकती घेण्याच्या दिवशी दोघी शिक्षकखोलीत आल्या. दान्बी पुढे, सोल्मी तिच्या मागे, मान खाली घालून.

"सर, माझी दिशा लिहायची राहिलीय. अर्धा गुण कापा."

"हरकत गुण वाढवण्यासाठी घेतात, दान्बी. तुझं उत्तर बरोबर आहे."

"माहितीये. पण कापलात तर मी दुसरी, तेरात दुसरी म्हणजे तिसरीच श्रेणी. माझं काय जातंय? हिला मात्र पहिली मिळते. हिशोब चुकला का माझा?"

हिशोब चुकला नव्हता. त्यानेच शिकवलेल्या काटेकोरपणे तो मांडलेला होता.

"आणि सोल्मीचा का नाही कापायचा?"

"बाहेर दगड-कागद-कात्री खेळलो. मी हरले." ती हसली. "तीन डाव, सर. पहिल्या दोन्हींत बरोबरीच झाली, मेली."

सोल्मीच्या तोंडून हुंदका फुटला. "मी नको म्हणत होते, सर…"

"तू गप गं! सर, तुमच्या तत्त्वाला आम्ही दोघींनी कशाला बळी पडायचं?"

त्याला टेबल उलथावंसं वाटलं. गुकांवर, त्या चार टक्क्यांवर, या शहाण्या मुलीच्या शांतपणावर ओरडावंसं वाटलं. त्याने लाल पेन उचललं आणि निर्दोष बाणावर फुली मारली.

दान्बी कमरेत वाकली. "थँक्यू, सर."

शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं, पोरी, असं त्याच्या ओठांशी आलं, पण पलीकडून गुक मोठ्याने म्हणत होते, "सापडली ना शेवटी चूक?"