पोचल्याची काडी

एकोणीसशे शहाण्णवच्या पौषातली रविवारची दुपार होती. पणदरे गावातल्या आपल्या घराच्या अंगणात रंगुबाई डोळे मिटून उन्हाला बसल्या होत्या. पलीकडे उसाला तुरे आले होते आणि वारा सुटला की सारे शिवार चांदीच्या पाण्यासारखे हलत होते. शेजारी त्यांची नात रश्मी कागद पसरून बसली होती. बारामतीच्या एका दूध संघात ती संगणक अभियंता. गावोगावच्या शीतकरण केंद्रांतले संगणक टेलिफोनच्या तारेने जोडायचे होते आणि त्यांचे निरोप वाहणारी प्रणाली तिने निवडायची होती. उद्या संचालकांपुढे उत्तर द्यायचे. ते पटले नाही, तर काम तिच्याकडून काढून घेतले जाणार होते.

“अडलं कुठं?” रंगुबाईंनी डोळे न उघडताच विचारले.

“दोन प्रणाली हायेत, आजी. पहिली दवंडीसारखी. निमगाव केतकीच्या केंद्रातली टाकी भरली की ‘टँकर धाडा’ म्हणून एकदाच पुकारणार. तवा आमची तार बंद असली, तर निरोप गेला वाऱ्यावर आन् दूध नासलं.”

“आन् दुसरी?”

“ती निरोप जपून ठेवते. पोच येईस्तोवर पुन्हा पुन्हा पाठवते. पण पोचच वाटेत हरवली तर? चाचणीत तोच निरोप दुसऱ्यांदा आला आन् एकाच टाकीला दोन टँकर गेले. संचालक म्हणाले, बाई, म्हशी काय दोनदा पिळायच्या?”

रंगुबाई हसल्या नाहीत. धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनीच घरात हुकूम सोडला होता, की सासऱ्यांच्या जुन्या कामाचे नाव या उंबऱ्याच्या आत निघता कामा नये. चाळीस वर्षे तो कोणी मोडला नव्हता. आता मिटल्या पापण्यांआड कालव्यावरचे धुके उतरले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेतलेले सासरे त्या धुक्यातून चालले होते. पाय दिसत नव्हते, जणू तरंगतच होते. आपण गप्प राहिलो, तर ही पोर उद्या मान खाली घालून परतेल, हे त्यांना कळत होते.

“तुझा पणजा श्रीपती,” त्या म्हणाल्या, “गावातल्या मयताचा सांगावा घेऊन कोसकोस जायचा. ते काम आपल्या जातीच्या माथी मारलेलं होतं.”

रश्मीचे पेन थांबले.

“तू गेलाच न्हाईस, असं म्हणून पाटील त्याला खोटं पाडायचे. म्हणून सांगावा दिला की त्या घराच्या छपराची एक काडी तो मागून आणायचा. ती पोच.”

“आन् काडी हरवली तर?”

“हरवली एकदा. पाटलानं परत धाडला. त्यानं दारात तोच सांगावा दिला, तर त्या घराला वाटलं, आणखी एक माणूस गेलं. बायांनी नव्यानं हंबरडा फोडला. तवापासनं तो आधी मयताचं नाव आन् वार सांगायचा. घरचे ‘ठावं हाय’ म्हणाले, की रडारड न्हाय, काय न्हाय. नुसती दुसरी काडी घ्यायची आन् माघारी.”

रश्मीने पुन्हा पेन उचलले. मग हळू म्हणाली, “म्हंजे दर निरोपाला नाव-वारासारखी एक वेगळी खूण. खूण आधीच आलेली असली, तर टँकर हलवायचा न्हाय. पोच तेवढी पुन्हा द्यायची.” तिने पहिल्या प्रणालीचे कागद बाजूला सारले आणि दुसरीवर लिहायला घेतले.

“आजी, उद्या इचारलं, हे कुठं शिकलीस, तर?”

रंगुबाईंनी डोळे उघडले. हयातभर त्या माणसाला गावाने ‘श्रीप्या’ याखेरीज हाक मारली नव्हती.

“पणज्याकडनं शिकले, म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “आन् नाव नीट घ्यायचं. श्रीपतराव.”