लिंपणावरचे दोन हात

पाचव्या दिवशी सकाळी कॅथरिन खड्डा उघडायला वाकली आणि तशीच थांबली.

"मालन! इकडे ये आधी."

मालन कुंपणापलीकडून पाट्या घेऊन येतच होती. होळी नावाच्या गावात दोघींच्या वाड्या शेजारी-शेजारी, आणि बावीस वर्षं दोघी मिळून सुकेळी करत आल्या होत्या. राजेळी केळी आधी खड्ड्यात पिकवायची, मग सोलून मांडवावर उन्हात सुकवायची. दोन्ही वाड्यांतले घड एकाच खड्ड्यात जात, कॅथरिनच्या अंगणात. सुक्या पानांवर घड रचायचे, धूर द्यायचा, फळ्या टाकून वरून चिखलाने लिंपायचं. ओल्या लिंपणावर दोघी शेजारी-शेजारी आपापला उजवा हात उमटवत. मग चार दिवस कोणी शिवायचं नाही. मधेच उघडलं तर आतली ऊब जाते. केळं वरून पिवळं दिसतं, पण गाभा कच्चा राहतो.

लिंपणावर दोन हात होते. पण त्यांचे अंगठे एकमेकांकडे वळलेले.

"दोन उजव्या हातांचे अंगठे एका बाजूला असतात," कॅथरिन म्हणाली. "हे दोन्ही हात तुझे आहेत. एक डावा, एक उजवा. कधी उघडलंस?"

मालनने पाट्या खाली ठेवल्या. "परवा. तू चर्चमध्ये मिस्साला गेली होतीस तेव्हा."

"का?"

"हरिश्चंद्र भावजी म्हणाले, वॉल्टर खड्ड्याकडून झाकलेली पाटी घेऊन जाताना दिसला. औंदा आमचे घड मोठे होते, म्हणून..."

"म्हणून माझा नवरा चोर!"

"तसं नाही गो."

"मग कसं? पाटीत राख होती, चुलीतली. वांग्यांच्या वाफ्यात टाकायला नेली त्याने. विचारलं असतंस तर वाफा दाखवला असता. माझी लिडिया झाली तेव्हा मी आठ दिवस दवाखान्यात होते. घराची किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"परत आल्यावर मी कपाट तपासलं?"

"नाही," मालन म्हणाली.

"किती घड घातले होते आपण?"

"बारा."

"तू मोजलेस तेव्हा किती निघाले?"

"बारा."

"मग तेव्हाच धावत का नाही आलीस? उलट पुन्हा लिंपून माझा हात खोटा करून ठेवलास!"

"लाज वाटली."

"लाज? दीर बोलला तेव्हा नाही वाटली?"

कॅथरिनने फावड्याने लिंपण फोडलं. केळी पिवळी दिसत होती. तिने एक मोडून मालनपुढे धरलं. गाभा लाकडासारखा. बाराच्या बारा घड गुरांपुढे गेले.

पंधरा दिवस कुंपणावरून मिठाचा खडाही इकडून तिकडे गेला नाही. मग मालनच्या वाडीतले उरलेले सात घड तयार झाले. तिच्या वाडीत हातभर खणलं की पाणी लागे, खड्डा करायची सोय नव्हती. ती घड घेऊन कॅथरिनच्या अंगणात आली.

"इथे कशाला आलीस? चोरांच्या दारात?"

"इथेच ठेवणार."

"ठेव आणि चालती हो."

कॅथरिनने आपले पाच घड घातले, खड्डा लिंपला. मालन जवळ उभी होती, बाह्या सरसावून.

"हात?" तिने विचारलं.

"नाही."

कॅथरिनने आपला एकच हात उमटवला.

तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्र मालनच्या ओट्यावर बसून म्हणाला, "वहिनी, एकदा बघून तरी या. ह्या वेळी तर तिचा एकटीचाच हात आहे."

"भावजी, तुम्ही बघितलंत तेव्हा पाटीत राख होती. पुन्हा खड्ड्याचं नाव काढलंत तर आपली चूल वेगळी मांडा."

पाचव्या दिवशी मालनला कोणी बोलावलं नाही. ती आपणहून गेली. कॅथरिनने लिंपण फोडलं, फळ्या काढल्या. पिकलेल्या राजेळीचा वास अंगणभर पसरला.

"घे, मोज," कॅथरिन म्हणाली. "वाकून बघ आत. मोठ्याने मोज, तुझ्या दिराला ऐकू जाऊ दे."

"मी नाही मोजणार."

"मोज म्हणते ना!"

"नाही मोजणार, कॅथरिन. हवं तर हाकलून दे."

मालनने हाताला आला तो पहिला घड उचलला, कोणाचा ते न बघता, आणि मांडवाखाली नेऊन ठेवला. मग दुसरा. कॅथरिन कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिचा राग गेला नव्हता, नाकपुड्या अजून फुललेल्या होत्या. बाराही घड बाहेर आल्यावर तिने पाट मालनच्या दिशेने पायाने सरकवला.

"उभी काय राहिलीस? सोलायला बस. ऊन वाया चाललंय."

मालन बसली. दोन फण्या सोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी हात?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी," कॅथरिन म्हणाली आणि सोलायला बसली, तिच्याकडे पाठ करून.